निद्रा : कधीच नाही

लॅपटॉपचे झाकण चुकूनही मिटू नये म्हणून त्याच्या बिजागरीपाशी मी फणसाच्या लाकडाची एक पाचर बसवली होती. आबांच्या पलंगाशेजारच्या तिवईवर ते करडे यंत्र अहोरात्र उघडे असे. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात, मी पहिल्याच दिवशी निवडलेले शब्द बारीक अक्षरांत दिसत : निद्रा : कधीच नाही. आमचे सगळे घर त्या तीन शब्दांच्या आत राहत होते.

आईला उघड्या वस्तू पाहवत नाहीत. मिक्सर, शिवणयंत्र, बंद पडलेला रेडिओ, सगळ्यांवर तिने क्रोशाचे रुमाल विणून घातले आहेत. या लॅपटॉपसाठीही तिने एक विणायला घेतला होता. "झाकायचं नाही ना, मग नुसता विणून ठेवते," असे ती म्हणे आणि पलंगाच्या पायथ्याशी बसून सुई चालवीत राही.

आबा, म्हणजे माझे वडील दत्ताराम परुळेकर, दीपगृहावर काम करणाऱ्या शेवटच्या माणसांपैकी एक. आता सगळे दिवे आपले आपण पेटतात. आबांच्या वेळी मात्र दिव्याला माणूस लागे, आणि तो माणूस आबांसारखा असला तर बरे पडे : महिनोन् महिने कुणाशी बोलायला मिळाले नाही तरी ज्याचे काही अडत नाही असा. लहानपणी एकदा मी त्यांच्याबरोबर देवखडकाच्या दिव्यावर राहिलो होतो. खाली समुद्र गरजत होता. आबांनी माझा हात धरून मला श्वासाच्या लयीवर मोजायला शिकवले. दोन झळका, मग लांब काळोख. पुन्हा दोन झळका.

"आबा, दिवा काय सांगतो?" मी विचारले होते.

"मी इथे आहे. एवढंच."

त्या मुक्कामात त्यांनी माझ्याशी केलेले सर्वांत मोठे संभाषण ते.

निवृत्तीनंतर आम्ही वेंगुर्ल्याला स्थायिक झालो, आणि आबांना तो आजार जडला ज्यात मेंदूच्या आज्ञा स्नायूंपर्यंत नेणाऱ्या पेशी एकेक करून विझत जातात. हात गेले, पाय गेले, मग जीभ गेली. डोळे तेवढे राहिले. डोळे एकदा मिटले की हो, दोनदा मिटले की नाही, अशा भाषेवर आम्ही वर्षभर काढले. त्यानंतर हे यंत्र आले.

ते यंत्र काय करी, हे सांगायला हवे. माणूस मनाशी बोलतो तेव्हाही गळ्याच्या स्नायूंकडे आज्ञेची एक पुसटशी लहर जाते. ओठ हलत नाहीत, पण लहर जाते. आबांच्या गळ्यावर आणि कानामागे चिकटवलेल्या पातळ पट्ट्या ती लहर टिपत, लॅपटॉपमधली एक चिप तिचा शब्द करी, आणि यंत्र तो शब्द उच्चारी; आवाजही आबांचाच, जुन्या ध्वनिफितींवरून घडवलेला. अडचण अशी की आबांच्या पेशी रोज थोड्या विझत होत्या. काल ज्या लहरीचा अर्थ 'पाणी' होता, ती आज वेगळीच दिसे. म्हणून त्या चिपला क्षणोक्षणी नव्याने शिकावे लागे. चुकले हे तिला कळायचे कसे? तर आपल्या तोंडचा म्हणून चुकीचा शब्द कानावर पडला की, राग येण्याआधीच, मेंदूत एक बारीक तरंग उठतो. तो तरंग दिसला की चिप समजे, शब्द चुकला. तरंग उठला नाही, तर शब्द बरोबर. मी कोल्हापूरच्या एका प्रकाशकासाठी घरी बसून मुद्रिते तपासतो; मला हे लगेच समजले. यंत्र मजकूर जुळवी आणि आबांचा मेंदू त्याची मुद्रिते तपाशी.

"फक्त एक लक्षात ठेवायचं," निवेदिता नाईक म्हणाली होती. कुडाळच्या उपचारकेंद्रातून यंत्र बसवायला तीच आली होती. माझ्याच वयाची, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत पाहणारी, त्यामुळे मी जमिनीकडे पाहत असे. "हे शिकलेलं कुठे साठवलेलं नसतं. चिपमध्ये नुसता विजेचा एक भार असतो, ओंजळीतल्या पाण्यासारखा. लॅपटॉप झोपला की पाणी गेलं. मग शून्यापासून शिकवायचं."

"शिकवू," मी म्हणालो.

"आज शिकवाल. सहा महिन्यांनी शिकवण्याइतक्या पेशी उरलेल्या नसतील. म्हणून झोपू द्यायचा नाही. आणि आवाजही बंद करायचा नाही. त्यांना ऐकू आलं नाही तर तरंग उठणार नाही, आणि घटकाभरात शब्द उसवायला लागतील."

यंत्राचा पहिला स्पष्ट शब्द होता 'खिडकी'. आईने धावत जाऊन खिडकी उघडली आणि गजाला धरून ती रडली.

सुरुवातीचे ते दिवस सणासारखे होते. आबा डाळीला फोडणी कमी म्हणत, बातम्या देणाऱ्याला मूर्ख म्हणत. आई म्हणायची, "लग्न झाल्यापासून इतकं बोलणं पहिल्यांदाच ऐकतेय. आजारी पडायला हवं होतं आधीच." आणि यंत्र म्हणायचे, "तू गप्प बसली असतीस तर बोललो असतो."

मग लहरी आणखी क्षीण झाल्या. निवेदिताने समजावून सांगितले की मनाशी बोलणे आणि लोकांसाठी बोलणे यांच्यामध्ये एक उंबरठा असतो. लोकांसाठी बोलायचे असते तेव्हा लहर जरा उंच उठते. आबांची लहर आता तेवढी उठत नव्हती. शब्द हवे असतील तर उंबरठा खाली आणावा लागेल. मी होकार दिला. आबांना विचारायचे मला सुचलेच नाही.

शेजारच्या शालूकाकी शिरा घेऊन आल्या त्या दिवशी आम्हाला उंबरठ्याचा अर्थ कळला. आईने चमच्याच्या टोकाने शिरा आबांच्या जिभेला लावला, आणि यंत्र खणखणीत बोलले, "साखर कमी. या बाईचा हात आयुष्यभर आखडलेलाच."

शालूकाकींनी पदर खोचला. मग म्हणाल्या, "आबानू, तुमका साखर सोसत नाय म्हणान कमी घातलंय. आखडलेलो हात तुमच्यासाठीच आखडलो."

आम्ही सगळे हसलो. आबांचे डोळे मात्र हसत नव्हते. ते यंत्राकडे पाहत होते.

कोल्हापूरच्या प्रकाशकांनी त्याच सुमारास मला कार्यालयात येऊन काम पाहण्याविषयी विचारले. मी कळवले की घरी एक यंत्र आहे, ते झोपू नये याची जबाबदारी माझ्यावर आहे. ते खरे होते. वीज गेली की इन्व्हर्टर, इन्व्हर्टर उतरला की लॅपटॉपची बॅटरी, हे सगळे पाहायला मीच होतो. रात्री आबा झोपले तरी यंत्र पुटपुटत राही, आणि मी त्या पुटपुटण्याच्या पलीकडच्या खोलीत पडून राही. तुरुंगाचा पहारेकरीही तुरुंगातच राहतो, हे मला कळत होते. त्या भिंतींमध्ये मला एक प्रकारचे सुरक्षित वाटते, हे मात्र मी स्वतःलाही सांगितले नव्हते.

मग समुद्रात वादळ उठले; ते गुजरातकडे वळले तरी त्याच्या शेपटाने आमच्याकडचे खांब पाडले. दुसऱ्या दिवशी दुपारी इन्व्हर्टर बसला. लॅपटॉपची बॅटरी लाल झाली. जनरेटर होता तो बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात. यंत्र पट्ट्यांपासून लांब नेता येत नव्हते, म्हणून मी आबांना चाकाच्या खुर्चीत बसवले, उघडा लॅपटॉप त्यांच्या मांडीवर बांधला आणि बाजारातून खुर्ची ढकलत निघालो.

आबा कित्येक महिन्यांनी बाजार पाहत होते, आणि पाहत होते ते सगळे बोलत होते.

"सामंतांचं दुकान. पोरानं रंग काय दिलाय, औषधाच्या बाटलीसारखा." दुकानातून कुणीतरी डोकावले. "हा टकला कोण? अरे, हा तर नाना. किती म्हातारा झाला."

"आबा, जरा हळू," मी म्हणालो. जणू त्यांच्या हातात होते.

"हळू कसं करू, हळू कसं करू. हिच्याकडचे बांगडे परवाचे आहेत."

कोळीण टोपलीवरची माशी वारत म्हणाली, "काल वादळ होता आबानू, ताजे खंयसून हाडू?" मग माझ्याकडे वळून, कुठे नेतोयस अशा अर्थाने, "खंय व्हरतस रे बापाशीक असो?"

लोक जमू लागले. चारचौघांत नुसते उभे राहायचे म्हटले तरी माझ्या तळव्यांना घाम फुटतो, आणि इथे तर सगळा बाजार आमच्याभोवती होता. मी मान खाली घातली आणि खुर्ची जोरात ढकलली. तेव्हा यंत्र बोलले.

"मान वर कर ना. नाही करणार. घाबरट आहे हा. माझ्या आडोशाला लपलाय."

खुर्ची थांबली, मीच थांबवली असणार. समोर पडदा होता. ज्या चौकटीत चूक सांगणारा तरंग उमटतो ती चौकट मी पाहत होतो. शब्द चुकला असता तर तिथे एक टेकडी उठली असती. रेघ सपाट होती. शांत समुद्राच्या क्षितिजासारखी सपाट.

कुणी हसले नाही. हसले असते तर बरे झाले असते.

बर्फाच्या कारखान्याचे इनास फर्नांडिस दारातच उभे होते. "प्लग हय आसा, लाव," एवढेच म्हणाले. आबांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते आणि यंत्र जनरेटरच्या घरघरीतून सांगत होते, "बोलू नको. बोलू नको. बोलू नको."

त्यानंतर आबा बदलले. सकाळी मी पट्ट्या तपासायला गेलो तेव्हा यंत्र म्हणत होते, "एक झळक. काळोख. एक झळक. काळोख." दुपारी, "लाल झळक, पांढरी झळक, काळोख." आईने विचारले, पेज देऊ का? "तीन झळका. काळोख." दिवसेंदिवस तेच. ज्या ज्या दिव्यांवर त्यांनी नोकरी केली, त्या साऱ्यांचे ठेके ते एकामागून एक म्हणत राहिले. अधूनमधून देवखडक येई; दोन झळका, लांब काळोख; आणि मी हातातले काम थांबवी.

मला वाटले, यंत्र बिघडले. निवेदिता आली, तिने पट्ट्या बदलल्या, आलेख तासभर पाहिला.

"यंत्र ठणठणीत आहे," ती म्हणाली. "एकही शब्द चुकीचा नाही. ते खरोखरच हे म्हणतायत, आणि सगळं लक्ष लावून म्हणतायत. लहान मुलं कानात बोटं घालून मोठ्यानं गाणं म्हणतात ना, तसं."

ती गेल्यावर मी आबांजवळ बसलो. बाहेर माडांच्या झावळ्या उन्हात निश्चल होत्या.

"आबा, तुम्ही लपताय का?"

"चार झळका. काळोख. चार झळका." झळका तुटल्या. मग, "हो."

"माझ्यापासून?"

"सगळ्यांपासून. डोक्यात आलं की बाहेर. मनात ठेवायला जागाच नाही. झाकण लाव."

"लावलं तर परत कधी बोलता येणार नाही, आबा. निवेदितानं सांगितलंय."

"ठाऊक आहे."

"मग असं कसं म्हणता?"

"सलग जळणारा दिवा समुद्रावरून कसा दिसतो? होडीचा कंदील असेल. कुणाच्या ओट्यावरचा बल्ब असेल. खलाशी त्याला ओळखत नाही. दीपगृह ओळखतात काळोखावरून. किती वेळ विझतं त्यावरून. तू माझा काळोख काढून घेतलास, हेरंबा." आणि लगेच, दार ओढून घ्यावे तसे, "एक झळक. काळोख. एक झळक."

मी पाचर काढली नाही.

आईला वाटले, आबांच्या काळजीपोटी. निवेदितालाही मी फोनवर तेच सांगितले. खरे कारण असे होते की मी एका वाक्याची वाट पाहत होतो. घाबरट आहे हा, यानंतर आणखी एक वाक्य यायला हवे होते; ते खोडणारे किंवा निदान मऊ करणारे. झळका मोजता मोजता केव्हातरी त्यांचा तोल जाईल आणि ते बाहेर पडेल, म्हणून मी मुद्रिते घेऊन त्यांच्याच खोलीत बसू लागलो. दुसऱ्याच्या मनाच्या दारावर असा टपून बसलेला मुलगा कसा दिसत असेल, हे आईने मला सांगितले.

"ऊठ तिथून," ती म्हणाली. तिची सुई थांबली होती. "मांजर बसतं तसा बसतोस."

"त्यांचा आवाज कायमचा जाईल, आई."

"जाईल. मला काय आवडेल? भांडी घासताना मागून त्यांचं काहीबाही चालू असायचं, मला सोबत वाटायची. पण परवा झोपेत ते त्यांच्या आईला हाक मारत होते. लहान मुलासारखी. मी ऐकलं, आणि मला लाज वाटली. ते माझ्यासाठी नव्हतं." तिने धागा दाताने तोडला. "झोप त्यांची आहे. ती कधी यावी हे ठरवणारा तू कोण?"

मी निवेदिताला बोलावले. नियम तिने वाचून दाखवला : यंत्राच्या निद्रेचा अधिकार काळजीवाहकाकडे असतो, रुग्णाकडे द्यायचा तर काळजीवाहकाने तो सोडावा लागतो.

"आजवर कुणी सोडला?" मी विचारले.

"कुणी विचारलंच नाही. मलाही सुचलं नाही." या वेळी तिनेही जमिनीकडे पाहिले.

व्यवस्था साधी होती. पडद्यावरचा कॅमेरा आबांचे डोळे पाही. नुसते मिटले तर काही नाही. पण घट्ट आवळून धरले, तर यंत्र झोपी जाणार. मी अंगठा टेकवून अधिकार सोडला. कोपऱ्यातले शब्द बदलले. निद्रा : त्यांच्या इच्छेने.

आबांनी ते वाचले. यंत्र म्हणत होते, "दोन झळका, लांब काळो" आणि तिथेच थांबले. खोलीत कितीतरी दिवसांनी शांतता पसरली. मला वाटले, आता ते डोळे आवळतील. आवळले नाहीत.

उलट त्यांनी पेज मागितली.

पुढचे काही दिवस आबा बोलले. पूर्वीइतके नाही, पण मध्ये मध्ये थांबून, जणू थांबता येते याची चव घेत. मनातले बाहेर येत होतेच, तरी त्यांना त्याची धास्ती उरली नव्हती. उठून जाता येईल अशा दारापाशी बसलेल्या पाहुण्यासारखे ते निवांत होते. शालूकाकींच्या शिऱ्याला त्यांनी पुन्हा नावे ठेवली. एका दुपारी आई एकटीच त्यांच्याजवळ बसली होती. मी आपण होऊन मागच्या अंगणात गेलो आणि विहिरीच्या काठावर बसून राहिलो. ते काय बोलले ते मला माहीत नाही. आई बाहेर आली तेव्हा तिच्या हातात पूर्ण झालेला रुमाल होता.

"तुला बोलावतायत," ती म्हणाली.

मी जाऊन पलंगाच्या कडेवर बसलो. आबा माझ्याकडे पाहत होते. मी मान वर ठेवली. ते सोपे नव्हते.

"कोल्हापूरला कळव," यंत्र म्हणाले.

"काय कळवू?"

"येतो म्हणून. तिथे तुला भीती वाटेल. वाटू दे."

"आणि तुम्ही?"

"मी कुठे जातोय." डोळ्यांच्या कडा किंचित आकसल्या, ते त्यांचे हसणे. मग पडद्यावर एक लहर उठली, आणि मी पुढे झुकलो, कारण मी वाट पाहत होतो ते वाक्य हेच, असे मला वाटले.

"हेरंबा, तू"

आबांनी डोळे घट्ट आवळले.

पडदा काळा झाला. त्याबरोबर यंत्राच्या पोटातल्या पंख्याची बारीक घरघर थांबली. ती इतके महिने चालू होती हे मला ती थांबल्यावर कळले. दूर बंदरावर कुणीतरी लोखंडावर हातोडा मारीत होते. ओंजळीतले पाणी निघून गेले होते. वाक्याचा उरलेला भाग आबांजवळ राहिला, त्यांना तो ठेवायचा होता तिथे. मी रागावेन असे मला वाटले होते. मी नुसता बसून राहिलो.

थोड्या वेळाने त्यांनी डोळे उघडले. त्यांच्या चेहऱ्यावरून काहीच कळत नव्हते. लहानपणी कळत नसे, तसेच.

मग त्यांनी डोळे मिटले आणि उघडले. पुन्हा मिटले आणि उघडले. दोनदा मिटले की नाही, ही आमची जुनी खूण मला आठवली, आणि कशाला नाही म्हणताहेत ते समजेना. पण ते थांबले नव्हते. त्यांनी डोळे पुन्हा मिटले आणि या वेळी मिटलेलेच ठेवले. मी नकळत मोजू लागलो. देवखडकावर शिकवले होते तसे, श्वासाच्या लयीवर. तो काळोख केव्हा संपणार हे मला ठाऊक होते, आणि तो तेव्हाच संपला.

दोन झळका. लांब काळोख. पुन्हा दोन झळका.

मी पाचर काढून खिशात टाकली आणि झाकण हलकेच मिटले. आईने त्यावर रुमाल पसरला आणि त्याची टोके सारखी केली.